खापर वाजवून पाहताना

चौथीत बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोर शिवछत्रपतींबरोबर पन्हाळ्याहून निसटते, आग्र्याहून सुटते आणि रायगडावर राज्याभिषेक पाहते. पाचवीत गेले की परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात तेच पोर एकदम काही लाख वर्षे मागे जाऊन पडते. तिथे गड नाही, राजा नाही, तारीख नाही. दगडाची हत्यारे आहेत, अग्नीचा शोध आहे आणि भिंतीवरच्या तक्त्यात कातडे गुंडाळलेला एक केसाळ माणूस आहे. त्याला बघून सगळा वर्ग हसतो. धडा आठवड्यात उरकतो, काळांचा क्रम पाठ होतो, दोन गुणांचा प्रश्न सुटतो. सहावीत हडप्पा सुरू होते तेव्हा तो केसाळ माणूस कुणाच्या लक्षातही नसतो.

यात पोरांचा दोष नाही, आणि खरे तर शिक्षकांचाही नाही. प्रागितिहास हा वाचून कळण्याचा विषयच नाही, कारण त्या माणसांनी वाचायला काही ठेवलेले नाही. त्यांनी ठेवले आहेत दगड, खापरे, हाडे, चुलीची राख आणि खांब रोवल्याचे खड्डे. या गोष्टी हातात घ्याव्या लागतात, उलटून पाहाव्या लागतात, त्यांच्यावरून भांडावे लागते. म्हणूनच जगभरात या विषयाची सूत्रे वर्गाकडून हळूहळू संग्रहालयांच्या कार्यशाळांकडे आली. पुढच्या पानांतले उपक्रम त्याच वाटेचे आहेत. फरक एवढाच की ते माजलगाव आणि आसपासच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून मांडले आहेत. तिथे संग्रहालय म्हटले की आधी एसटीचे वेळापत्रक बघावे लागते.

लिहिलेला इतिहास माजलगाव तालुक्याला अपरिचित नाही. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाने आपला मंत्री पुरुषोत्तम याला दिलेल्या दानाचा तो लेख शके १२३२ चा, म्हणजे इ.स. १३१० चा. अधिक महिन्यात तिथल्या पुरुषोत्तम देवाच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत या ताम्रपटाचे नाव ऐकलेले लोक सापडतील. त्याच्याही मागे जात राहिले तर महाराष्ट्रात अक्षर सापडते ते सोपाऱ्याच्या अशोकाच्या लेखांपर्यंत, इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंत. तिथे अक्षर संपते. माणूस मात्र संपत नाही. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कम इथल्या दगडी हातकुऱ्हाडींचा काळ सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा ठरला आहे.

आता हे १५ लाख दहा वर्षांच्या मुलाला सांगायचे कसे? मोठा आकडा ऐकून पोरे 'बापरे' म्हणतात आणि विसरतात. यावर कार्यशाळांत सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे दोरी. हजार वर्षांना एक मीटर धरायचे. शिवराज्याभिषेक मग दीडेक वीत अंतरावर, साधारण ३५ सेंटिमीटरवर येतो. पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट ७० सेंटिमीटरवर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचे शेतकरी तीनेक मीटरवर, म्हणजे अजून वर्गाच्या आतच. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करणारी माणसे २५ मीटरवर, शाळेच्या फाटकाशी. अत्तिरंपक्कमसाठी मात्र दीड किलोमीटर चालत जावे लागते. शाळेतून निघून बाजार ओलांडून पोरे तिथवर गेली की परत येताना पाय दुखतात, आणि दुखणाऱ्या पायांना काळ कळतो. वाटेत कुणीतरी विचारतेच, "सर, डायनासोर कुठे?" डायनासोर याच मापाने ६६ किलोमीटरवर संपले. म्हणजे बीड ओलांडून आणखी पुढे. माणूस आणि डायनासोर एकाच चित्रात दाखवणाऱ्या कार्टूनचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

माजलगावची भूमी या विषयाला परकी नाही. गाव सिंदफणेवर, सिंदफणा गोदावरीला मिळणारी. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले माजलगाव धरण याच नदीवर उभे आहे आणि पैठणचा उजवा कालवा त्यात पाणी आणून सोडतो. पाण्याने जोडलेल्या या पट्ट्यात वरच्या अंगाला पैठणजवळ मुंगी आहे. भारतात अश्मयुगाचा अभ्यास अगदी बाल्यावस्थेत होता तेव्हा, १८६० च्या दशकात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या वायन यांना मुंगीपाशी गोदावरीच्या जुन्या थरांत अकीकाचा एक घडवलेला छिलका सापडला. रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम इथे हातकुऱ्हाड मिळाली ती १८६३ साली, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या. पल्लावरम अभ्यासक्रमात पोहोचले. मुंगीचे नाव मराठवाड्यातल्या किती शिक्षकांच्या कानावर गेले असेल, देव जाणे.

पैठण तालुक्यातच आपेगाव आहे. ज्ञानदेवांचे आपेगाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, १९७० च्या दशकात शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. मांजरा नदी तर बीड जिल्ह्यातच, पाटोदा तालुक्यात उगम पावते. पुढे लातूर जिल्ह्यात तिच्या काठच्या हरवाडी परिसरातून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी हत्ती, रानबैल आणि चक्क पाणघोड्याचे जीवाश्म नोंदवले. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते, त्या मुलखात एके काळी पाणघोडा डुंबत होता, हे ऐकल्यावर पोरांचा पहिला प्रश्न असतो, "मग पाणी गेले कुठे?" प्रागितिहासाच्या तासाला याहून चांगला प्रश्न विचारता येणार नाही.

दगडाचेही तसेच. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक, गारगोटी, कॅल्सेडनी तयार होते. पाषाण झिजला की हे कठीण गोळे सुटतात आणि नदीच्या वाळूत येऊन पडतात. ताम्रपाषाण काळातल्या माणसाने त्यांच्यापासून बोटभर लांबीची धारदार पाती काढली. तांबे मिळायला दुर्मिळ आणि महाग, म्हणून रोजचे कापणे-सोलणे दगडी पात्यानेच चाले. सिंदफणेच्या पात्रात पोहायला जाणारी पोरे असल्या गारा खिशात भरून आणतात आणि अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाडतात. कार्यशाळेला लागणारे निम्मे साहित्य त्यांच्या खिशातच असते.

एवढे असून शाळेची सहल निघते ती वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा या ठरलेल्या वाटेने. वाटेत एखादे संग्रहालय लागलेच तर काचेच्या कपाटांसमोरून रांग पुढे सरकते, मागून "हात लावू नका, पुढे चला" असा गजर चालू असतो आणि वीस मिनिटांत सगळे बाहेर, आइसक्रीमच्या गाडीपाशी. संग्रहालयवाल्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांचीही अडचण खरी आहे: अस्सल वस्तू दोनशे मुलांच्या हातातून फिरली तर ती वस्तू राहत नाही. पैठणचे बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय ही या भागाला त्यातल्या त्यात जवळची. दोन्हींच्या मुळाशी एकेका गावकरी माणसाचा नाद आहे. लामतुरे हे तर तेरचे व्यापारी. पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू जपत जपत त्यांनी सातवाहन काळाचा एवढा मोठा संग्रह उभा केला. तो काळ अक्षरांनंतरचा, तरी मुलांना सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे: हे काम मुंबई-पुण्याच्या पंडितांनीच करायचे असते असे नाही.

अलीकडे संग्रहालये स्वतःच कपाटाबाहेर पडू लागली आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमधले फिरते संग्रहालय सुरू केले. प्रतिकृती, चित्रे आणि हाताळता येतील अशा गोष्टी घेऊन ते शाळांच्या दारात जाते. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी वेगळे संग्रहालयही आहे. २०१७ मध्ये तिथेच ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर भरलेल्या 'भारत आणि जग' या प्रदर्शनाची सुरुवात दगडी हातकुऱ्हाडींनी झाली होती. रांगेत उभ्या राहिलेल्या मुंबईकरांना इतिहासाची पहिली वस्तू म्हणून मुकुट किंवा तलवार दाखवली नाही, ही निवड दाद देण्यासारखी. चेन्नईच्या शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशनचे काम आणखी थेट आहे. अत्तिरंपक्कमचे उत्खनन करणाऱ्या शांती पप्पू आणि कुमार अखिलेश हे संशोधकच तिथे मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी प्रागितिहासाच्या कार्यशाळा घेतात. उत्खनन करणारा माणूस आणि मुलगा यांच्यामध्ये मध्यस्थ उरत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

परदेशात ही वाट जुनी आहे. डेन्मार्कमध्ये लेइरे इथे १९६४ पासून प्राचीन घरे उभारून, त्यांत चूल पेटवून, धान्य दळून मुलांना तो काळ जगायला दिला जातो. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात मात्र अश्मयुग ते लोहयुग हा भाग आला २०१४ मध्ये. त्याआधी तिथली पोरे थेट रोमन लोकांपासून सुरुवात करत. नवा भाग आला आणि कधी दगड हातात न घेतलेल्या शिक्षकांची जी धावपळ उडाली ती संग्रहालयांनी सावरली. महाराष्ट्रात धडा पुस्तकात कधीचाच आहे, त्याला हात देणारी संग्रहालये मात्र मोजकी.

कार्यशाळा म्हणजे नेमके काय, हे एका टेबलापाशी थांबून पाहिले तर बरे. टेबलावर खापरांचा ढीग आहे. काही आजच्या माठाची, काही जोर्वे पद्धतीच्या भांड्यांच्या प्रतिकृतींची. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खणले आणि ताम्रपाषाण काळातल्या एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. लाल भांडे, त्यावर काळ्या रंगाच्या भौमितिक रेघा, कंबरेशी मुडपलेला आकार आणि पाणी ओतायला लांब तोटी. ही भांडी इतकी पक्की भाजलेली की खापरावर नखाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. मुले आधी माठाचे खापर वाजवतात, मग नीट भाजलेले. पहिल्याचा आवाज बद्द, दुसऱ्याचा खणखणीत. इथे गुरुजींनी गप्प बसायचे असते. पाचएक मिनिटांत कुणीतरी म्हणतेच, "याला जाळ जास्त लागला असेल." मग जाळ जास्त कसा करायचा, त्याला भट्टी कशी लागते, सरपण किती, कुंभार वेगळा माणूस होता की घरोघरी भांडी भाजत होते, अशी चर्चा आपोआप निघते. इनामगावला कुंभाराची भट्टी सापडली आहे, हे मग सांगायचे. आधी सांगितले तर ती माहिती होते. नंतर सांगितले तर ते उत्तर होते.

त्याच टेबलावरचा दुसरा खेळ: बाजारातून चार नवी मडकी आणून गोणपाटात फोडायची, प्रत्येक गटाला एका मडक्याचे तुकडे द्यायचे आणि त्यातले तीन-चार तुकडे मुद्दाम काढून ठेवायचे. एका गटाला दुसऱ्या मडक्याचा एखादा तुकडाही द्यायचा. मुले डिंक आणि चिकटपट्टी घेऊन जोडायला बसतात. काठ आधी लागतो, बूड नंतर, पोटाचे तुकडे सर्वांत छळतात. जागा रिकामी राहिली की आरडाओरडा होतो, "आमचे तुकडे चोरले!" पुरातत्त्वज्ञाचे रोजचे जिणे हेच आहे. तुकडा नाही म्हणून मनाने भरून काढायचे नाही, आणि हातात आहे म्हणून भलत्या मडक्यात कोंबायचे नाही.

दगड फोडून हत्यार करण्याचा प्रयोग सर्वांना हवा असतो आणि तोच सर्वांत जोखमीचा आहे. ताज्या छिलक्याची धार पात्यासारखी असते, कपच्या डोळ्यात उडतात. म्हणून दगड फोडायचा तो जाणत्या माणसाने, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर जाड गोणपाट आणि मुले चार हात लांब. घाव बसलेल्या जागी छिलक्यावर फुगवटा येतो आणि त्याभोवती पाण्यातल्या लाटांसारख्या रेषा उमटतात. नदीत आपोआप फुटलेल्या दगडावर हे सहसा असे नेटके दिसत नाही. ही खूण एकदा पटली की मुले वाटेवरचा प्रत्येक दगड उलटून पाहू लागतात, आणि शंभरातल्या नव्वद वेळा तो नुसता दगड निघतो. तेही शिक्षणच. मुलांच्या स्वतःच्या हातात मात्र साबणाची वडी आणि चमचा द्यावा. वडीच्या दोन्ही बाजूंनी कपच्या काढत हातकुऱ्हाड घडवायची. एक कपची जास्त निघाली की वडी मोडते आणि पुन्हा जोडता येत नाही. पुढचे तीन घाव कुठे बसणार हे आधी डोक्यात असावे लागते, हे त्या मोडक्या वडीने कळते. तक्त्यातल्या केसाळ माणसाला हसणारी पोरे इथे जरा गंभीर होतात.

एक धोका इथेच सांगायला हवा. साबण कोरला, मातीचा बैल केला, गुहाचित्र रंगवले, फोटो काढला, घरी गेले. अशी कार्यशाळा म्हणजे हस्तकलेचा तास. मुले खूश असतात, पालक खूश असतात, प्रागितिहास मात्र तिथे नसतो. कृती झाल्यावर 'यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही' हा प्रश्न आला तरच तो विषय सुरू होतो. दुसरा धोका स्नेहसंमेलनातला. झाडाची पाने कमरेला बांधून, तोंडाला काळे फासून 'आदिमानव नृत्य' करायचे आणि त्यालाच आदिवासी नृत्यही म्हणायचे, हा प्रकार अजून चालतो. आजचा भिल्ल, गोंड किंवा कोलाम माणूस आपल्याइतकाच आजचा आहे. ज्या वर्गात पारधी किंवा भिल्ल समाजाचे मूल बसलेले असते तिथे ही चूक नुसती शास्त्रीय राहत नाही.

इनामगावचे नाव वर दोनदा आले. मराठी मुलांना प्रागितिहास शिकवायचा तर त्याला पर्याय नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ पर्यंत, सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली, हे गाव उकलले. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढ्या काळात इथे शेतकरी नांदले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. नदीच्या पुराचे पाणी वळवून साठवायला बांध आणि चर होता. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू आणि डाळी, गाई-बैल, शेळ्या, शिवाय शिकार आणि मासे. सुरुवातीच्या काळातली घरे चौकोनी, ऐसपैस, मातीच्या कुडांची, मध्ये आडभिंत, कोपऱ्यात धान्याची कणगी आणि चार पायांचा रांजण ठेवायला चपटे दगड. दळायला पाट्यासारखा खोलगट दगड आणि वर घासायला दुसरा. गोल फिरणारे जाते अजून यायचे होते. पाटा-वरवंटा घरात असलेल्या मुलाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही, आणि पाट्याला टाकी लावून द्यायला कोण येते हेही त्याला माहीत असते. मिक्सरवाल्या घरातल्या मुलासाठी शिक्षकाने पाटा मागून आणावा.

मग इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. शेती आक्रसते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढते. ढवळीकरांनी याची सांगड वाढत्या कोरडेपणाशी घातली: पाऊस हटला, शेती पेलेना, माणसे वर्षाचा काही काळ गाव सोडून जाऊ लागली. आजच्या भटक्या समाजांच्या झोपड्यांशी ताडून त्यांनी या गोल घरांचा अर्थ लावला. हा अर्थ सगळ्याच अभ्यासकांना पटलेला नाही, आणि मुलांना हेही सांगावे.

आता हे चित्र माजलगावच्या वर्गापुढे ठेवून पाहा. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या टोळीबरोबर नवरा-बायकोचा कोयता, त्यांच्याबरोबर पोरे आणि बैलजोडी. कारखान्याच्या तळावर बांबूच्या कामट्या, चटया, पाचट आणि ताडपत्री घालून कोपी उभी राहते. अशा कोपीत चार-पाच महिने काढलेला मुलगा इनामगावच्या गोल झोपडीचा नकाशा पाहून जे बोलेल ते पुण्याच्या मुलाला सुचणार नाही. चूल आत की बाहेर? पाऊस आला तर? दाराचे तोंड कुठे करायचे? सामान किती न्यायचे आणि मागे काय ठेवायचे? फक्कीने मैदानावर एक चौकोनी घर आणि एक गोल झोपडी खऱ्या मापाने आखावी, चुलीचे दगड, खापरे आणि हाडांची चित्रे मांडावी आणि त्यालाच विचारावे, "इथे कोण राहत होते? वर्षभर राहत होते का?" आजवर ज्या अनुभवामुळे त्याचे शिक्षण बुडाले, त्याच अनुभवाच्या जोरावर इथे तो वर्गात सर्वांत जास्त जाणतो.

म्हणून या भागात कार्यशाळेचे वेळापत्रक संग्रहालयाच्या सोयीने ठरवून चालणार नाही. उन्हाळी शिबिर ही शहरातली रीत. इथे डिसेंबर-जानेवारीत कार्यक्रम ठेवला तर ज्यांनी यायला हवे तीच मुले कारखान्यावर असतात. श्रावण-भाद्रपद हा खरा हंगाम. पोळ्याला घरोघरी मातीचे बैल होतातच. इनामगावच्या एका घराच्या जमिनीत मातीच्या डबीत ठेवलेली शिर नसलेली स्त्रीमूर्ती सापडली आणि तिच्याबरोबर मातीचा बैल. मूर्तीला आणि बैलाला छिद्रे होती, काडी घालून ती बैलावर बसवता येई. पोळ्याच्या आठवड्यात ही गोष्ट सांगितली तर वेगळे साहित्य जमवावे लागत नाही. जी मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्यासाठी हिवाळ्यात दुसरी फेरी करता येईल.

मृत्यूचा विषयही टाळता येत नाही. इनामगावला लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत, घराच्या जमिनीखालीच. मोठ्यांना पुरताना पावले तोडलेली दिसतात. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिचा रेशीम-सुताचा दोरा तांब्याच्या संगतीने टिकून राहिला होता. काही शिक्षकांना हे मुलांना सांगू नये असे वाटते. पण मुले भूतकथा याहून भयंकर ऐकतात. आवाज खाली आणून, हसू न देता, 'मूल घराजवळ का ठेवले असेल' एवढेच विचारावे. सांगाड्याच्या प्रतिकृतीशी खेळ मात्र नको.

शेवटचा मुद्दा पांढरीचा. गावालगतच्या जुन्या टेकाडाची पांढरी माती शेतात टाकायची चाल मराठवाड्यात जुनी आहे, आता तिला जेसीबीची जोड मिळाली. जोर्वे असो की सातवाहन, थर एकदा उपसला की खापर हातात राहते आणि त्याचे सांगणे जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचे उदाहरण मुलांना चटकन कळते. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना तिथे खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पे मिळाली, मिळून साठ किलोंहून जड. भारतातल्या थोर शोधांत त्यांची गणना होते. पण ती उत्खननातल्या थरातून आली नाहीत, म्हणून ती नक्की कोणत्या काळची यावर अभ्यासकांत वाद राहिला. वस्तू मिळाली, जागेची साक्ष निसटली. लाकडी खोक्यात वाळू, काळी माती, पांढरी माती असे थर भरून, दोऱ्याने चौकोन पाडून, थापी आणि ब्रशने खणायचा जो उपक्रम पुढे दिला आहे, त्यात सापडलेल्या वस्तूपेक्षा वहीतल्या नोंदीला जास्त गुण ठेवले आहेत ते याचसाठी. खोके न नोंदता उपसणाऱ्या गटाला शून्य.

कायद्याचेही एवढे मुलांना माहीत असावे की १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. व्यवहारात पोराने गुरुजींना सांगायचे, गुरुजींनी तहसीलमध्ये आणि पुरातत्त्व विभागाला. वस्तू उचलायची नाही; शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढायचा आणि कुणाच्या शेतात, कोणत्या बांधापाशी हे लिहून ठेवायचे. पोरांच्या नजरेला कमी लेखू नये: स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत १८७९ साली वडील जमिनीवर हत्यारे शोधत होते आणि छतावरचे गवे पाहिले ते त्यांच्या लहानग्या मारियाने. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पेही सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावकऱ्यांना विचारत विचारत नोंदवली, आणि २०२२ मध्ये त्यांतली निवडक ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. विचारले की लोक सांगतात.

पुढच्या पानांत उपक्रम वयानुसार लावलेले नाहीत, साहित्यानुसार लावले आहेत. फक्त दोरी लागणारे आधी, मडकी आणि खोकी लागणारे मधे, जाणकार माणूस बोलवावा लागणारे शेवटी. प्रतिकृती मिळवायला जमले तर पैठण किंवा डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा, नाहीतर गावातल्या कुंभाराला चित्र दाखवून तोटीचे भांडे करून मागावे. तो आधी तोटी उलटी लावेल, पाणी सांडेल, दुसऱ्यांदा बरोबर करेल. हे दोन्ही प्रयत्न मुलांसमोर झाले तर उत्तम.